दुसऱ्या खुर्चीसाठी दोनशे सह्या

माझ्या धाकट्या जावेला सरकारनं नगरपालिकेवर सभासद म्हणून नेमलं ते सन चौतीस असेल किंवा पस्तीस. सिंहस्थ होऊन गेला होता एवढं पक्कं आठवतं, कारण यात्रेकरू परतले होते आणि आमच्या दुकानातले गंगाजळाचे तांब्याचे गडवे पुन्हा फळीवर धूळ खात बसले होते. सरकारी पत्र घेऊन पट्टेवाला आला तेव्हा दाराशी मीच गेले. पाकिटावरचं नाव वाचलं आणि ते तिच्या हातात नेऊन दिलं. माझ्या नावानं त्या घरात पत्र यायचं ते फक्त येवल्याहून, माहेरचं, आणि तेही आधी सासूबाई फोडायच्या.

आम्ही दोघी सख्ख्या भावांच्या बायका. मी थोरली, येवल्याच्या पैठण्या विणणाऱ्या घरातली, मराठी चौथी पास. ती पुण्याची, मॅट्रिक झालेली. यांचं भांड्यांचं दुकान, तर भावजी वकील. घर एक, चूल एक, आणि चुलीपुढे बहुतेक वेळ मी. तिला स्वयंपाक येत नव्हता असं नाही. पण तिला कुठंतरी जायचं असायचं आणि मला कुठंच जायचं नसायचं, त्यामुळे भाकरी माझ्या वाट्याला यायची. मिरवण्यासारखी माझ्याकडे एकच गोष्ट होती, माझं अक्षर. लहानपणी वडील पैठणीच्या गाठोड्यांवर गिऱ्हाइकांची नावं माझ्याकडून लिहून घेत आणि आल्यागेल्याला दाखवत. लग्नानंतर त्या अक्षराचा उपयोग लोणच्याच्या बरण्यांवर साल लिहिण्यापुरता उरला.

लोक म्हणतात हेवा पोटात असतो. माझा कानात होता. सभेच्या दिवशी टांगा गल्लीच्या तोंडाशी वळला की मला तव्यावरची भाकरी दिसेनाशी व्हायची. तिच्या चपला उंबऱ्याशी वाजायच्या. मग सासूबाई, ज्यांनी मला आल्यापासून कधी 'दमलीस का' म्हणून विचारलं नव्हतं, त्या तिला विचारायच्या, "काय गं, झाली का सभा? पाणी घे आधी." ते पाणीसुद्धा मीच माठातून काढून द्यायचे. तिचं फौंटन पेन, तिची कागदांची कातडी पिशवी, सभेत तिच्यासाठी ठेवलेली हातांची खुर्ची, ती आली की पुरुष सभासद विड्या विझवतात ही गोष्ट, सगळं सगळं मला टोचायचं. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मी तीन वर्षं रोज शिकले.

तिच्यात खोट काढावी तर सापडायची नाही. एकच सापडली होती आणि ती मी कितीतरी दिवस चघळली. पहिल्या सभेला शपथ घेताना तिनं आपलं संपूर्ण नाव, मधे नवऱ्याच्या नावासकट, मोठ्यानं उच्चारलं होतं. भर सभेत, पन्नास पुरुषांसमोर! सासूबाईंनी ऐकलं तेव्हा देवापुढे साखर ठेवली आणि भावजींच्या आयुष्यासाठी हात जोडले. धाकटी हसली. म्हणाली, "आमच्या पुण्याच्या घरी आई सरळ नाव घेते, बाबा पासष्टीचे आहेत." मला वाटलं होतं, आता तरी सासूबाई तिच्यावर उखडतील. त्या चार दिवस फुगल्या आणि पाचव्या दिवशी पुन्हा तिला पाणी विचारू लागल्या.

सभेत मात्र तिचं काही चालत नव्हतं, हे मला कळलं आणि त्या दिवशी मी जरा चवीनं जेवले. आमच्या नदीवर, जिला आम्ही गंगाच म्हणतो, बायकांना लुगडं बदलायला आडोसा हवा, असा ठराव तिनं मांडला. अध्यक्षांनी विचारलं, अनुमोदन कोणाचं? कोणीच बोललं नाही. अनुमोदन नाही म्हणून ठराव चर्चेलाच आला नाही. पुढच्या महिन्यात मुलींच्या शाळेच्या विहिरीला कठडा घालण्याबद्दल मांडला, त्याचंही तेच. ती माझ्यासमोर पाटावर बसून हे सांगत होती. डोळ्यांत पाणी होतं. मी भाकरी थापत होते आणि तोंडातून निघून गेलं, "एकटी बाई म्हणजे पानातलं मीठ, वाढायला लागतं म्हणून वाढलेलं. दोघी असत्या तर एकीनं मांडलं असतं, दुसरीनं उचलून धरलं असतं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग उठली आणि पीठ लागलेला माझा हात तिनं दोन्ही हातांत धरला.

त्याच सुमारास नगरपालिकेनं आपले जुने नियम बदलायला घेतले होते. सभासद किती असावेत, कोणत्या पेठेतून किती निवडावेत, सरकारनं किती नेमावेत, हे सगळं पुन्हा ठरणार होतं. त्यासाठी एक समिती बसली आणि गावाकडून सूचना मागवल्या. दवंडी पिटली, कचेरीच्या फळ्यावर नोटीस लागली. मुदत एक महिन्याची. सूचनेखाली सभासद सोडून गावात राहणाऱ्या निदान दोनशे सज्ञान माणसांच्या सह्या पाहिजेत, आणि प्रत्येकाचं पूर्ण नाव, बाईचं असेल तर नवऱ्याच्या किंवा बापाच्या नावासह, आणि आडनाव. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा, पण नाव पूर्ण. धाकटीनं ती नोटीस उतरवून आणली आणि मला वाचायला दिली. मी दोनदा वाचली.

तिची सूचना अशी होती की बायकांच्या जागा एकाऐवजी दोन कराव्यात, आणि त्या दोन्ही जागांवर गावातल्या बायकांनीच निवडून द्यावं, सरकारनं नेमू नये. म्हणजे माझंच वाक्य, इस्त्री करून कागदावर घातलेलं. भावजींनी मसुदा वाचून बायकोची पाठ थोपटली. हे दुकानातून आले तेव्हा त्यांनाही वाचून दाखवला. हे म्हणाले, "डोकं आहे पोरीला." मी तेव्हा वाढत होते. आमटीची पळी यांच्या वाटीत जरा जोरात आदळली.

तिनं मात्र माझं ऋण लपवलं नव्हतं, हे सांगायला हवं. ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "कल्पना वहिनींची आहे." कोणी ऐकलं नाही, एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावरून चैत्रगौरीचं सामान उतरवताना ती मला म्हणाली, "वहिनी, हे झालं तर दुसऱ्या खुर्चीवर तुम्ही बसायचं. मी बाकी कोणाचा विचारच केलेला नाही."

मी म्हटलं, "मी? चौथी पास?"

"नियमात मॅट्रिक लिहिलेलं नाही. मी पाहिलंय."

मला ती खुर्ची हवी होती. आज मी म्हातारी झाले आहे आणि खोटं बोलायचं काही कारण उरलेलं नाही, म्हणून सांगते, मला ती इतकी हवी होती की त्या रात्री मला झोप आली नाही. टांगा माझ्यासाठी गल्लीत वळतोय, सासूबाई मला पाणी विचारताहेत, असे मनातले मांडे खाऊन झाले. आणि मग पहाटे वाटलं, हे सगळं मिळणार ते तिच्या हातून. तिनं नेसून उतरवलेलं लुगडं मला द्यावं तसं. गावात म्हणतील, धाकटीनं थोरलीला वर काढलं. जन्मभर मी तिच्या मागे दुसरी. तिनं मांडायचं आणि मी अनुमोदन द्यायचं.

सह्या गोळा करण्याची युक्तीही तिचीच. चैत्र लागला होता. महिनाभर घरोघरी गौरीचं हळदीकुंकू असतं, रोज चार घरची बोलावणी. बायका एका जागी सापडण्याचा याहून चांगला मुहूर्त कुठला? पण सभेच्या कामामुळे तिला सगळीकडे जाता येईना. ती मला म्हणाली, "तुमच्यासारखं अक्षर गावात कोणाला नाही. नावं तुम्हीच लिहा, सही-अंगठा त्यांचा." मी कागदांची चळत आणि दौत घेऊन घरोघर जाऊ लागले. आंब्याची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे, आणि मग माझे कागद. बायकांना मी काय आहे ते समजावून सांगायचे आणि त्या चटकन तयार व्हायच्या. गंगेवरच्या आडोशाचं म्हटलं की एकजण दुसरीला पुढे ढकलायची.

पहिल्याच दिवशी अडचण आली. सोनारांच्या सुनेला मी विचारलं, "पूर्ण नाव सांगा." तिनं आपलं नाव सांगितलं आणि गप्प झाली.

"मालकांचं?"

ती लाजली. "अहो, ते कसं सांगू? उखाण्यात घेऊ का?"

बायका हसल्या. तिनं खरंच उखाणा घ्यायला सुरुवात केली, पण उखाण्यातही तिला नाव येईना, कारण सासू समोर बसली होती. शेवटी म्हणाली, "लिहा ना, बंड्याची आई. सगळे ओळखतात." तिच्या मागची म्हणाली, "माझं लिहा, घड्याळवाल्यांची मधली सून."

नवऱ्याचं नाव उच्चारलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आम्हा सगळ्यांच्या हाडात भिनलेलं. मीही यांचं नाव कधी घेतलेलं नव्हतं. पण या अडचणीवर उपाय काय, हे मला पुरतं ठाऊक होतं. एकतीस सालच्या शिरगणतीला गणतीवाला गल्लीत आला तेव्हा दारोदार हाच घोळ झाला होता, आणि तो मीच सोडवला होता. प्रत्येकीच्या नवऱ्याचं नाव तिच्या शेजारणीनं सांगायचं. दुसरीच्या नवऱ्याचं नाव घ्यायला कोणाच्या बापाची भीती? अर्ध्या तासात आख्खी गल्ली उतरली होती. गणतीवाला मला म्हणाला होता, "बाई, तुम्ही आमच्यात पाहिजे होतात." ते शब्द मी चार वर्षं जपून ठेवले होते.

मी लेखणी शाईत बुडवली. सोनारांच्या सुनेला लागून त्यांची शेजारीण बसली होती. ती भली बाई आपणहून म्हणाली, "मी सांगू का हिच्या मालकांचं नाव? मला काय त्याचं!"

आणि मी म्हटलं, "राहू द्या हो. चालतं असं."

एवढंच. दोन वाक्यं. कोणी जबरदस्ती केली नव्हती, कोणी फितवलं नव्हतं. त्या शेजारणीचं तोंड उघडलेलं होतं, नाव तिच्या जिभेवर होतं, आणि मी ते परत पाठवलं. मग माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'बंड्याची आई'.

त्यानंतर सोपं झालं. एकदा केलेलं पाप दुसऱ्यांदा करायला जड जात नाही. भद्रकालीमागच्या अत्तरवाल्याच्या बायकोकडे गेले. वाटलं, त्यांच्यात वेगळी रीत असेल. ती म्हणाली, "हमारे में भी मालकाचं नाव नाही घेत, बाई. अत्तरवाल्याच्या घरातून, असं लिहा." लिहिलं. म्हशीवाल्याची बायको दुधाची चरवी खाली ठेवून म्हणाली, "लिव्हा की, म्हशीवाल्याची. समदं गाव वळखतं आमाला, लय जुनं घर हाय." तेही लिहिलं. तिनं अंगठा इतका दाबून उमटवला की शाई कागदाच्या मागे उतरली. "आता गंगंवर आडोसा हुईल नव्हं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, होईल. तिच्या चार मुली होत्या, सगळ्या वयात आलेल्या, रोज गंगेवर जाणाऱ्या.

दोनशे दहा नावं झाली. धाकटी रोज विचारायची, किती झाल्या? मी आकडा सांगायचे आणि ती लहान मुलीसारखी टाळी वाजवायची. कागद वाचायला मागितले नाहीत तिनं. मागितले असते तर मी काय केलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पण तिच्या मनात शंका यावी कशी? तिच्या माहेरी बायका नवऱ्याचं नाव सरळ घेत होत्या. आणि कागद माझ्या हातात होते. एवढा तिचा विश्वास, आणि मला वाटत होतं, बघू आता तुझी हुशारी.

मुदतीच्या आदल्या दुपारी मी एकटी माजघरात बसले होते. कागद क्रमानं लावले, दोऱ्यानं शिवले. शेवटच्या पानावर तळाशी एका नावाची जागा होती. माझी सही राहिली होती. मी लिहायला घेतलं आणि 'थोरली सून' असं लिहायचं मनात असताना हात थांबला. नगरपालिकेच्या कचेरीत माझं नाव आयुष्यात एकदाच जाणार होतं. साहेब लोक ते बघणार होते. तिथं मी कोणाची थोरली म्हणून जाऊ? दार लोटून घेतलं. मग मी माझं नाव लिहिलं, त्यापुढे यांचं नाव, जे मी तोपर्यंत तोंडानं घेतलं नव्हतं आणि हातानंही लिहिलं नव्हतं, आणि मग आडनाव. अक्षर इतकं सुंदर आलं की मी शाई टिपायला वाळूही टाकली नाही, आपोआप वाळेपर्यंत बघत बसले. मी काय करते आहे ते मला कळलंच नाही. शहाणपणाला मत्सराची बाधा झाली की ते असं आंधळं होतं.

दुसऱ्या दिवशी ती टांग्यातून कागद देऊन आली.

समितीची बैठक पंधरा दिवसांनी झाली. धाकटी दुपारी परत आली. त्या दिवशी चपला वाजल्या नाहीत. हातात धरून आली होती. मी परसात तांदूळ पाखडत होते. तिनं ते शिवलेले कागद माझ्यासमोर सुपाच्या कडेशी ठेवले आणि स्वतः पायरीवर बसली.

"वाचून दाखवले त्यांनी," ती म्हणाली. "एकेक. बंड्याची आई. अत्तरवाल्याच्या घरातून. म्हशीवाल्याची. सगळे हसत होते. एकजण म्हणाला, बंड्यालाच निवडून द्या की. मी हसू नका म्हटलं तर आणखी हसले."

मी सूप हलवत राहिले.

"मग चिटणिसांनी शेरा वाचला. सह्या अपूर्ण, सूचना विचारात घेता येत नाही. मुदत संपलेली. पुन्हा देता येणार नाही." तिनं कागद उलटे केले आणि शेवटचं पान वर काढलं. तळाशी तांबड्या पेन्सिलीनं एक गोल काढला होता आणि त्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ग्राह्य सही एक'. गोलात माझं नाव होतं.

ती माझ्याकडे बघत होती. रागावली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येत होतं, भांडणात मी कोणाला हार गेले नव्हते.

"वहिनी," ती म्हणाली, "दोनशे अकरा बायकांत नियम तुम्हाला एकटीलाच कळला होता."

मी म्हटलं, "तांदळात खडे फार आहेत या वेळी." देवाशपथ, हेच म्हटलं.

ती उठून आत गेली. संध्याकाळी पानं वाढली तेव्हा मी वाटच बघत होते. आता ती सांगणार, सगळ्यांसमोर कागद दाखवणार, यांच्या हातात माझं ते सुंदर नाव देणार. भावजींनीच विषय काढला. कचेरीतून त्यांच्या कानावर सगळं आलं होतं, फक्त तांबडा गोल सोडून. ते चिडून म्हणाले, "पण नावं अशी लिहिलीच कशी? कोणी बघितलं नाही?"

धाकटीनं भात कालवायचा थांबवला नाही. म्हणाली, "चूक माझी आहे. वहिनींना नियम मी नीट सांगितला नाही, आणि कागद वाचूनही पाहिले नाहीत. त्या बिचाऱ्या महिनाभर उन्हातान्हात घरोघर हिंडल्या."

सासूबाई म्हणाल्या, "असू दे, चुकतं माणसाचं." आणि मला म्हणाल्या, "तिला तूप वाढ."

तिच्या नेमणुकीची मुदत संपली तसं तिला पुन्हा नेमलं नाही. तिच्या जागी कोणा श्रीमंताची बायको आली, ती वर्षातून दोनदा सभेला गेली आणि कधी काही बोलली नाही. गंगेवर आडोसा झाला नाही. म्हशीवाल्याची बायको पुढे कितीतरी महिने दूध घालताना मला विचारायची, "वैनी, तेचं काय झालं वो?" आणि मी सांगायचे, कागद वर गेलाय.

धाकटी माझ्याशी कधी वाईट वागली नाही. त्या परसातल्या वाक्यानंतर तिनं जन्मात तो विषय काढला नाही, आणि ते कागद कोणाला दाखवले नाहीत. मला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीच. पण त्या संध्याकाळी तुपाची वाटी घेऊन मी तिच्या पानाशी वाकले, तिचा शांत चेहरा जवळून पाहिला, आणि माझ्या मनात पहिली जी गोष्ट आली ती लाज नव्हती. पहिल्यांदा आलं ते हे, की हे मला जमलं नसतं. तिच्या त्या मोठेपणाचासुद्धा मला हेवा वाटला.